मोटर आधी की ब्रेक आधी?

साध्या सायकलीला विजेची मोटर जोडण्याचे संच आता सहज विकत मिळतात. मोटर, बॅटरी, नियंत्रक आणि वेग वाढवण्याची मूठ एवढे सामान आणले, की कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एखादा कुशल कारागीर ते बसवून देऊ शकेल. मागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायच्या तीनचाकीलाही असे संच बसवतात. कल्पना चांगली आहे. पण संच विकणारे ज्या वेगाचे कौतुक करतात, त्या वेगातच तिची उणीव दडली आहे, असे आमचे मत आहे.

आधी गुण पाहू. रेलून बसलेल्या चालकाला चढावर पेडलवर उभे राहून शरीराचा भार टाकता येत नाही. चालक आणि वाहन मिळून वजन १२० किलो धरा. दर १०० मीटरला ५ मीटर चढ असेल, तर चढ आणि चाकांचा रोध यांवर मात करण्यास सुमारे ७० न्यूटन बल लागते. सर्वसाधारण माणूस बराच वेळ सुमारे ७५ वॉट शक्ती देऊ शकतो. तेवढ्याने वेग मिळतो ताशी ४ किलोमीटर, म्हणजे पायी चालण्याइतका. तिच्यात मोटरचे २५० वॉट मिळवले, की वेग ताशी १६ किलोमीटरच्या घरात जातो. मदत खरीच मोठी आहे.

आता दोष. सपाटीवर ताशी १५ किलोमीटरने जाणारे वाहन मोटरमुळे २५ ने धावू लागले, तर वेग पावणेदोन पटही होत नाही. मात्र गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती सुमारे २.८ पट होते. ब्रेक तेच असतील तर ते लावल्यानंतर थांबेपर्यंतचे अंतरही तेवढेच पट वाढते. वळणावर वाहन उलटण्याचा धोकाही याच नियमाने वाढतो. रेलून बसायची तीनचाकी बुटकी असल्याने तिला हे बरेचसे सोसते. उंच बैठकीच्या तीनचाकीला सोसत नाही. शिवाय हबमधली मोटर चाकाला ज्या जोराने पुढे फिरवते, त्याच जोराने स्वतःच्या आसाला उलटे फिरवू पाहते. आस धरून ठेवणारी पोलादी पट्टी नसेल, तर आस खाचेतून निसटू शकतो.

या बाबतीत सातारा जिल्ह्यातील फलटणचे काम अभ्यासण्याजोगे आहे. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षावर संशोधन केले आणि २००२ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. प्रचलित रिक्षाला गिअर नाहीत, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, आणि वजन फार, हे दोष हेरून त्यांनी आधी पायाने चालवायची रिक्षाच सुधारली: गिअर दिले, मागच्या चाकांना ब्रेक दिले, वजन घटवले. याच कामात पेडलला मोटरची जोड असलेली आणि पूर्णपणे विजेवर चालणारी अशा रिक्षाही तयार झाल्या. यंत्राचे मूळ दोष न झाकता ते दूर करणारी ही दृष्टी आम्हाला योग्य वाटते.

मात्र या मार्गालाही मर्यादा आहे. तो नवे वाहन घडवतो. ज्याच्या दारात जुनी तीनचाकी उभी आहे, त्याचे काय, हा प्रश्न उरतो. तिथे संचाचीच उपयुक्तता अधिक. म्हणून संचासोबतच मोटर आपोआप बंद करणारी ब्रेकची मूठ, प्रत्येक पुढच्या किंवा मागच्या जोडचाकाला सक्षम ब्रेक आणि आसाची पट्टी मिळायला हवी. यांवाचून आम्ही संचाला अपुराच म्हणू.

शिक्षकांनी हे वर्गात पडताळून पाहावे. पन्हाळगड कोल्हापूर शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. तिथून १२० किलोचे वाहन खाली आणताना सुमारे ४७० किलोज्यूल ऊर्जा कुठे जाते, हे मुलांना विचारा. ती सगळी एक किलो पोलादात साठली, तर त्याचे तापमान ९०० अंशांहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात बरीच ऊर्जा हवा आणि रस्ता घेतो, उरलेली ब्रेकला सोसावी लागते. पाठोपाठ मैदानावर सायकल ताशी १० आणि १५ किलोमीटर वेगाने आणून, दोन्ही वेळा सारखाच ब्रेक दाबून थांबण्याचे अंतर मोजा. दुसरे अंतर पहिल्याच्या सव्वादोन पटीच्या आसपास यायला हवे.