तर्जुमा अर्धाच राहिला

दोन मुलांच्या परस्परांवरील प्रेमाच्या थाई मालिका आपल्याकडच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या मोबाईलवर दिसू लागल्या, त्याला आता काही वर्षे झाली. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याची कल्पना असतेच असे नाही. कल्पना आलीच तर बोलणे दोन प्रकारचे होते. एक तर कानांवर हात ठेवून 'तौबा तौबा' करायची, नाहीतर पुरोगामी म्हणून आपली नोंद व्हावी यासाठी भरमसाट कौतुक करायचे. दोन्ही प्रकारांत मालिका पाहण्याची गरज पडत नाही. मी पाहिली, आणि पाहून जे वाटले ते प्रामाणिकपणे मांडतो आहे.

थायलंडमध्ये या मालिकांना 'वाय' मालिका म्हणतात. जपानी 'याओई' या शब्दाचे रोमन लिपीतील ते आद्याक्षर. २०१४ सालच्या 'लव्ह सिक'पासून ही लाट सुरू झाली आणि २०१६ साली 'सोटस'ने ती घराघरांत नेली. कथा बहुधा वाचकप्रिय कादंबरीवरून घेतलेली, नायक बहुधा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, दोघेही देखणे आणि सुखवस्तू. या साच्याच्या खोडीही ठरलेल्या आहेत. एकाने दुसऱ्यावर केलेली बळजबरी प्रेम म्हणून खपवली जाते. मधे येणारी मुलगी हमखास कपटी असते. आणि 'मला मुले आवडत नाहीत, मला फक्त तूच आवडतोस' हे वाक्य कुठेतरी येतेच. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की ज्यांची ही कथा आहे त्यांचे नाव घ्यायलाही कथा तयार नाही.

या गर्दीत एक मालिका वेगळी उठून दिसते. इंग्रजीत ती 'आय टोल्ड सनसेट अबाऊट यू' या नावाने ओळखली जाते. मूळ थाई नावाचा अर्थ साधारण असा: 'माझ्या प्रेमाचा तर्जुमा तुझ्या मनाने कर.' नादाव बँकॉक या संस्थेने २०२० साली ती काढली. दिग्दर्शक नारुबेत कुनो. भाग फक्त पाच, पण प्रत्येक भाग तासाहून मोठा. बिलकिन आणि पीपी या नावांनी ओळखले जाणारे दोन तरुण अभिनेते आदल्या वर्षीच्या 'माय अॅम्ब्युलन्स' या मालिकेत एकत्र दिसले होते. येथे ते तेह आणि ओ-एव झाले आहेत.

कथा फुकेत बेटावरची. तेह आणि ओ-एव हे बालमित्र. दोघांनाही नट व्हायचे असते. शाळेच्या नाटकातल्या प्रमुख भूमिकेवरून बिनसते आणि बोलणे बंद होते. काही वर्षांनी विद्यापीठाच्या प्रवेशासाठी चिनी भाषेच्या शिकवणीत दोघे पुन्हा समोरासमोर येतात. तेह चिनीत हुशार, ओ-एव कच्चा. जुने वैर बाजूला ठेवून तेह त्याला शब्द आणि त्यांचे अर्थ शिकवू लागतो.

मालिकेचे खरे बळ येथे आहे. परक्या भाषेतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ ज्याला पाठ आहे, त्याला स्वतःच्या मनात काय चालले आहे ते मात्र वाचता येत नाही. शिकवणारा अडाणी ठरतो आणि ज्याला शिकवायचे तो आधीच सारे समजून बसलेला असतो. ज्यांनी घरात एक बोली आणि शाळेत दुसरी भाषा असे बालपण काढले आहे, त्या आपल्या वाचकांना हे फार समजावून सांगायला नको. मनातली गोष्ट कोणत्या भाषेत बोलायची हाच जिथे प्रश्न असतो, तिथे गप्प राहणे हीदेखील एक भाषा होते. तेहचे बरेचसे बोलणे याच भाषेत आहे.

ओ-एव हा तेहपेक्षाही जिवंत उतरला आहे. एका प्रसंगात तो स्त्रीचे लाल अंतर्वस्त्र चढवून आरशापुढे उभा राहतो. हा प्रसंग सहज हास्यास्पद किंवा ओंगळ होऊ शकला असता. तसे होत नाही, कारण कॅमेरा त्याच्या देहाकडे पाहत नाही. 'मी नेमका कोण?' हे विचारणाऱ्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. शेवटच्या भागात तेह आपल्या थोरल्या भावापाशी रडतो, तो प्रसंगही असाच. भाऊ भाषण करत नाही, उपदेश करत नाही. त्याला जवळ घेतो. एवढी साधी माया कितीजणांच्या वाट्याला येत नाही, हे आठवून पाहणाऱ्याचा गळा दाटतो.

पण मालिका संपल्यावर, डोळे पुसून झाल्यावर, काही प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न भाषेचाच. फुकेतच्या चिनी वंशाच्या लोकांचे पूर्वज मुख्यतः हॉक्किएन बोलणारे. एकोणिसाव्या शतकात कथिलाच्या खाणींमुळे ते मोठ्या संख्येने येथे आले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस थाई सरकारने अनेक चिनी शाळा बंद पाडल्या आणि पुढच्या पिढ्यांची जीभ बदलली. मुले शिकतात ती मँडरिन, म्हणजे परीक्षेची भाषा, आजोबांची नव्हे. तेहची आई हॉक्किएन नूडल्सचे दुकान चालवते. ओ-एव हे नाव फुकेतच्या एका थंड गोड पदार्थाचे. म्हणजे हरवलेली भाषा ताटात आणि नावात शिल्लक आहे. तर्जुम्यावर उभ्या असलेल्या कथेला याहून मोठा विषय कोणता मिळणार? पण मालिका जुन्या शहरातल्या रंगीत इमारती दाखवते आणि पुढे सरकते. याच बेटावर मुस्लिम वस्त्या आहेत, समुद्रावर जगणारे आदिवासी आहेत. कथेच्या मध्यवर्ती माणसांत त्यांच्यापैकी कोणी नाही. बेट सुंदर दिसते, पण ते पर्यटकाला दिसते तसे.

दुसरा प्रश्न भीतीचा. तेह पाचही भाग घाबरलेला आहे. कोणाला? घरचे अखेर समजून घेतात, शाळा आडवी येत नाही. भीती आहे, पण भीती घालणारा कोणी नाही. मालिका दाखवली जात होती त्याच दिवसांत, २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बँकॉकच्या रस्त्यांवर तरुणांची निदर्शने चालू होती आणि त्यांत इंद्रधनुषी झेंडेही होते. समलिंगी विवाहाचा कायदा तेव्हा नव्हता. तो २०२४ मध्ये मंजूर होऊन २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. यातले काहीच या मुलांच्या कानावर पडत नाही. सूर्यास्ताला सारे सांगता येते, कारण सूर्यास्त उलटून काही विचारत नाही.

तिसरा प्रश्न इतरांचा. तेह ज्या मुलीच्या मागे असतो ती तार्न, आणि ओ-एवला मनापासून जपणारा बास. साच्यातल्यासारखी ही माणसे दुष्ट नाहीत, हे श्रेय मालिकेला दिलेच पाहिजे. पण दोघांचे दुःख नायकांना आपले मन कळावे एवढ्यापुरतेच वापरले आहे. तेह विद्यापीठातली मिळालेली जागा ओ-एवसाठी सोडतो, तेथेही हेच. प्रेमाचा त्याग म्हणून तो क्षण भव्य केला आहे. पण ती जागा नूडल्स विकून मुलाला शिकवणाऱ्या आईचीही होती. आईचा राग मालिका दाखवते, पण तिचा हिशेब मांडत नाही.

२०२१ साली पुढचा भाग आला, 'आय प्रॉमिस्ड यू द मून'. दिग्दर्शक बदलला, बेट सुटले, दोघे बँकॉकला आले. तेथे तेहचे मन नाटकाच्या क्षेत्रातल्या एका मोठ्या मुलाकडे वळते. प्रेम जुळल्यानंतरचे रोजचे जगणे दाखवायचा हेतू चांगला होता, पण पहिल्या भागातला शब्दांचा शोध संपला आणि नेहमीचा रुसवा-फुगवा उरला.

या मालिकांचा बाजार वेगळाच आहे. पडद्यावरची जोडी पडद्याबाहेरही जोडीच भासावी, यावर जाहिराती आणि कार्यक्रम चालतात. प्रेक्षकांत तरुण मुलींचा भरणा मोठा. त्यांना यात बळजबरीविना असलेले, हळुवार, रडू शकणारे पुरुष भेटतात, आणि ते आकर्षण मी हलके मानत नाही. आपल्या घरांतल्या मुलींना असे पुरुष पडद्यावर शोधावे लागतात, याचा जाब त्या मालिकेला विचारण्याआधी आपण स्वतःला विचारावा.

तरीही मालिकेकडे एक मागणे उरतेच. तेहच्या वयाचा, त्याच्यासारखाच मुलगा ती पाहून उठेल, तेव्हा त्याच्यापुढे सूर्यास्त नसेल. बाप असेल, भाऊ असेल, मोहल्ला असेल. त्यांच्याशी बोलायला त्याला शब्द हवे आहेत. मालिकेने त्याला रडणे दिले, धीरही दिला. शब्द दिले नाहीत. प्रेमाचा तर्जुमा एका मनातून दुसऱ्या मनात झाला. घराच्या आणि रस्त्याच्या भाषेत तो व्हायचा राहिला आहे.