सफारीतून वाट वजा केली तर

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतला. अर्थ अगदी साधा: प्रवास. त्याचं मूळ अरबी, आणि त्याच मुळापासून फारसीच्या मार्गानं आपल्याकडे ‘सफर’ आली. या शब्दात मुळात सिंह नाही, हत्ती नाही, वाट आहे. आजच्या सफारीतून नेमकी ही वाटच वजा झाली आहे, असं आमचं म्हणणं आहे. ते एका सिनेमाच्या आधारानं तपासू.

सिनेमा ‘आउट ऑफ आफ्रिका’, 1985 चा, दिग्दर्शक सिडनी पोलॅक. आधार आहे कारेन ब्लिक्सन या डॅनिश लेखिकेच्या 1937 सालच्या पुस्तकाचा. केनियात न्गोंग टेकड्यांजवळ तिचा कॉफीचा मळा होता. सिनेमाला सात ऑस्कर मिळाले, पण लोकांच्या मनात राहिला तो एक प्रसंग. डेनिस तिला आपल्या छोट्या उघड्या विमानातून नेतो. खाली कुरणं, तलाव, फ्लेमिंगोंचे थवे. बोलणं जवळजवळ नाहीच. जॉन बॅरीचं संगीत तेवढं भरून राहतं. पुढच्या आसनावरून ती हात मागे करते, तो धरतो. सुंदर आहे हो! आम्ही कितीदा पाहिला असेल. तक्रार सौंदर्याबद्दल नाहीच.

तक्रार अशी की हा प्रसंग भूमीचं दृश्य करून टाकतो. उंचावरून कुरण दिसतं, ते कुणाचं हे दिसत नाही. कांटनं 1790 मध्ये उदात्ताविषयी लिहिताना एक अट नोंदवली होती: भयंकराचं आकर्षण वाटायला आपण स्वतः सुरक्षित जागी असावं लागतं. विमानाची खिडकी म्हणजे तीच सुरक्षित जागा. न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की याच सिनेमात शेवटी कारेन किकुयूंच्या जमिनीसाठी गव्हर्नरपुढे गुडघे टेकते. म्हणजे दिग्दर्शकाला प्रश्न माहीत होता. पण तो जमिनीवर आल्यावरच सुचतो, आकाशात नाही.

आता शेजारच्या टांझानियात या. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं अरुशाहून सेरेनगेटीत सेरोनेराला गेलो, ते दहा-बारा जणांच्या विमानानं. सामान प्रत्येकी 15 किलो, तेही मऊ पिशवीत. तासाभरात पोचलो. धावपट्टी मातीची, जीप उभी, पुढचा कॅम्प तयार. दोन दिवसांनी पुन्हा विमान, पुन्हा कॅम्प. हेच अंतर रस्त्यानं सात-आठ तासांचं. वाटेत म्टो वा म्बू, म्हणजे ‘डासांची नदी’, हे केळीच्या बागांचं गाव. मग कराटूची गव्हाची नि कॉफीची शेतं. मग गोरोंगोरोच्या उतारावर मासाईंच्या वस्त्या आणि गुरं. आम्ही हे सगळं वरून ओलांडलं. घरी आल्यावर सांगितलं काय? ‘माणसाचा स्पर्श न झालेली भूमी!’

हे वाक्य खोटं होतं. 1959 साली वसाहती सरकारनं सेरेनगेटीतल्या मासाईंना तिथून हलवून गोरोंगोरोत राहायला सांगितलं. सेरेनगेटीचं रितेपण असं घडवलेलं आहे. 2022 पासून गोरोंगोरोतल्या मासाईंनाही दूर म्सोमेरा गावी नेणं सुरू झालं. सरकार म्हणतं, हे स्वेच्छेनं आहे. अनेक मासाईंना ते मान्य नाही; त्यांनी आंदोलनं केली. निसर्ग राखायला माणसं हटवावी लागतात का, हा खरा वाद आहे आणि दोन्हीकडे विचार करण्यासारखं आहे. पण कॅम्प ते कॅम्प उडणाऱ्याला हा वाद आहे हेच कळत नाही. ज्या वाटेवर तो भेटला असता, ती वाटच त्यानं टाळलेली असते.

कुणी म्हणेल, जुनी सफारी काय पवित्र होती? मुळीच नाही. 1909 मध्ये थिओडोर रूझवेल्ट निघाले, तेव्हा त्यांच्या सामानाखाली शेकडो हमालांचे खांदे होते. वेठ आणि शिकार यांचं गुणगान आम्हाला करायचं नाही. पण तेव्हा माणूस वाटेत होता. ओझ्याखाली का होईना, दिसत होता. आज तो न दिसण्याची आपण किंमत मोजतो आणि तिला सोय म्हणतो.

म्हणून तो प्रसंग पुन्हा जरूर पाहा. फक्त संगीत चढत जाईल तेव्हा एकदा विचारा: खाली कोण राहतं? आणि कधी जाणं झालंच, तर निदान एक टप्पा रस्त्यानं करा. धूळ खाल, पाठ दुखेल. पण ती सफर असेल.