धबधब्याआडचा आसरा

नववीच्या वर्गात ऊर्जेचे रूपांतर शिकवताना मी एकदा धबधब्याचे उदाहरण एका कादंबरीतून घेतले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, "पण सर, ते पुस्तक तर काल्पनिक आहे. त्यातल्या धबधब्याला आपले नियम कशाला लावायचे?" मी काहीतरी उडवाउडवीचे उत्तर दिले. ते मनाला लागून राहिले, म्हणून पुस्तक पुन्हा काढले आणि या वेळी कागद-पेन्सिल घेऊन वाचले.

पुस्तक म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. त्याच्या 'द टू टॉवर्स' या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात हेनेथ अनून नावाची गुहा येते. नावाचा अर्थ 'मावळतीची खिडकी'. गोंडोर राज्याच्या सैनिकांचा हा गुप्त आसरा डोंगराच्या पोटात आहे आणि त्याच्या पश्चिमेकडील तोंडावर धबधब्याचा पडदा आहे. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांना फारामिर हा सेनानी डोळे बांधून तेथे आणतो.

या आसऱ्याचा इतिहास वाचकाला कळतो तो पुढच्या वर्षी, म्हणजे १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टांत, आणि तोही अवघ्या दोन-तीन ओळींत. त्या जगाच्या तिसऱ्या युगातील २९०१ साली शत्रूच्या टोळ्यांच्या हल्ल्यांमुळे इथिलिएन प्रांतातील उरलेसुरले बहुतेक लोक गाव सोडून गेले. त्याच साली, तुरिन दुसरा हा राज्याचा कारभारी असताना, ही गुहा वापरात आणली गेली. असे आणखीही गुप्त आसरे त्याने करविले होते, पण सर्वांत जास्त काळ टिकला तो हा. २९५४ साली जवळचा ज्वालामुखी पुन्हा पेटला आणि राहिलेली माणसेही नदीपार गेली. फ्रोडो तेथे पोचतो ३०१९ साली, म्हणजे ११८ वर्षांनी. इतर आसऱ्यांचे काय झाले याबद्दल परिशिष्ट गप्प आहे. राजांच्या आणि कारभाऱ्यांच्या वंशावळी पानेच्या पाने देणाऱ्या लेखकाने इथे हात आखडता घेतला, ही माझी पहिली तक्रार.

बांधकामाची हकिकत मात्र फारामिरच्या तोंडून येते आणि ती आपल्या कामाची आहे. पूर्वी ओढा या गुहेतूनच वाहत होता आणि तिच्या कमानीतून बाहेर पडत होता. जुन्या कारागिरांनी वरच्या घळीत त्याचा प्रवाह वळवला व तो दुप्पट उंचीवरून कमानीसमोर पाडला. मग पाणी किंवा दुसरे काहीही आत शिरू नये म्हणून, एक वाट सोडून गुहेच्या बाकी सर्व वाटा बुजवल्या. येथे जादू कोठेही नाही. प्रवाह वळवणे हे स्थापत्याचेच काम आहे. १९६९ साली अमेरिकेच्या सैनिकी अभियंत्यांनी तात्पुरता बांध घालून नायगराचा अमेरिकेकडील धबधबा काही महिने कोरडा ठेवला होता.

उंची दुप्पट झाली की काय होते, हे वर्गात फळ्यावर करण्यासारखे आहे. पडणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्याची ऊर्जा दुप्पट होते. वेग मात्र दुप्पट होत नाही. १० मीटरवरून पडणारे पाणी तळाशी सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने पोचते, २० मीटरवरून सुमारे १९.८ मीटर वेगाने (हवेचा विरोध सोडून). उंचीचे आकडे माझे आहेत, पुस्तकात ते नाहीत. पण आवाज वाढला, आतले बोलणे बाहेर ऐकू येईनासे झाले, हे सैनिकांच्या फायद्याचेच.

वाटा बुजवण्याचा भाग मला पटायला जड जातो. पाण्याने स्वतः कोरलेली गुहा बहुधा चुनखडीत असते (आपल्या बेसॉल्टात पाणी अशी गुहा सहजी कोरत नाही). चुनखडी म्हणजे भेगांचे जाळे. मोठी वाट बुजवली तरी पाणी लहान भेग शोधते आणि ती हळूहळू विरघळवून रुंद करते. ११८ वर्षांत एकदाही डागडुजी लागली नसेल?

उजेडाच्या बाबतीत मात्र लेखकाला दाद द्यावी लागेल. मावळता सूर्य पडद्यामागे असताना आतून पाहणाऱ्याला तो पाण्यात फुटलेला उजेड रत्नांच्या माळांसारखा दिसतो. दुसऱ्या एखाद्याने येथे बिनदिक्कत इंद्रधनुष्य काढले असते. इंद्रधनुष्य दिसायला सूर्य पाठीशी हवा. येथे तो समोर आहे. टॉल्किन ती चूक करत नाही. मावळतीच्या तांबूस उजेडात नीलमण्याचा रंग कोठून आला, अशी शंका येते, पण आकाशाचा निळा उजेडही त्याच पडद्यातून येत असणार, असे म्हणून सोडून देऊ. दुसऱ्या पहाटे फ्रोडोला पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला मावळताना दिसतो, तेही बरोबर.

भूमिगत आसऱ्याचा खरा शत्रू धूर. व्हिएतनाममध्ये स्वयंपाकाचा धूर लांब चरांतून पसरवून विरळ करणारी 'होआंग काम' चूल वापरात आली ती याचसाठी. टॉल्किनला हे ठाऊक होते: त्याच दिवशी सकाळी सॅमने सशाचे कालवण केले आणि त्याच्या विस्तवाच्या धुरामुळेच ते दोघे फारामिरच्या माणसांना सापडले. मग गुहेतल्या चुलीचे काय? मी रात्रीच्या जेवणाची यादी तपासली. पाव, लोणी, खारवलेले मांस, सुका मेवा, चीज, थंड मद्य. मशाली आहेत, पण वाढलेल्या जिनसांत चुलीवर शिजवून काढावी लागेल अशी एकही नाही. हे मुद्दाम केले की सहज घडले कोण जाणे, पण मला ते फार आवडले.

आणि गुप्ततेची किंमतही लेखक लपवत नाही. खालच्या डोहात गोलम मासे पकडत असतो. न विचारता त्या जागी येणाऱ्याला मृत्युदंड, असा नियम आहे. धनुर्धारी बाण लावून उभे आहेत. गोलमला वाचवायचे तर फ्रोडोनेच त्याला गोड बोलून जाळ्यात आणायला हवे. तो आणतो, गोलम जिवंत राहतो, आणि आपला धनी आपल्याला फसवतो हे त्याच्या मनात कायमचे बसते. जेथे घर वाचवण्यासाठी लोकांनी ओढा वळवला, तेथे शंभर वर्षांनी एक भुकेला जीव मासा खाल्ला म्हणून मरणाच्या दारात उभा राहतो. हे प्रकरण मला या खंडातले सर्वांत चांगले वाटते ते यामुळे.

एक प्रश्न मात्र पुस्तकात सुटत नाही. इथिलिएनमध्ये ऑलिव्ह, तमालाच्या जातीची झाडे, थाइम अशी भूमध्यसागरी वनस्पती सांगितली आहे; म्हणजे उन्हाळा कोरडा असणार. कथा मार्चमधली आहे, तेव्हा पाणी भरपूर. ऑगस्टमध्ये पडदा विरला तर? सह्याद्रीत राहणाऱ्यांना ही शंका आधी येते. आपले कितीतरी धबधबे दिवाळीनंतर भिंतीवरचा ओला डाग होऊन राहतात.

हा प्रश्न मी पुढच्या तासाला त्याच मुलीला विचारला. ती म्हणाली, "वर बांध होताच ना सर, पाणी अडवून ठेवत असतील." आम्ही हिशेब केला. पडद्यासाठी सेकंदाला नुसते १०० लिटर धरले तरी दिवसाला ८६ लाख ४० हजार लिटर लागतात. "मग रात्री बंद ठेवत असतील," ती म्हणाली. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "रात्रीच तर आत मशाली असतात!"