खडूच्या खुणेला किती गुण?

1960च्या दशकातल्या कॉर्व्हेट गाडीखाली, चासीच्या काळ्या लोखंडावर, कधीकधी खडूची एक पुसट रेघ सापडते. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या कारखान्यात, असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्या कुणा कामगाराने ती ओढलेली असते. ‘हे तपासलं, पुढे जाऊ द्या’ एवढाच तिचा अर्थ. पुढे कुणी ती जपावी असं त्याला वाटायचं काही कारण नव्हतं. दोन पावसाळ्यांत धुऊन जाणारी गोष्ट.

आज अशी गाडी स्पर्धेसाठी नव्याने उभी करणारे लोक काय करतात? नट-बोल्टपर्यंत सगळी गाडी सुटी करतात, चासी घासतात, रंगवतात, सुकवतात. मग हातात खडू घेतात आणि ती रेघ परत ओढतात. मनाला येईल तशी नाही. कधीच न उघडलेल्या गाड्यांखाली झोपून, जुने फोटो मोठे करून, कोणत्या वर्षी कुठे आणि कशी खूण असायची याचा अभ्यास करून. कारण परीक्षक टॉर्च घेऊन खाली वाकणार असतो.

ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, अशा माणसाची हुबेहूब सही करायची. तीही मूळ सही स्वतःच घासून काढल्यावर. क्लासिक गाड्यांच्या या जगाकडे मी गाड्यांची हौस म्हणून बघायला लागलो, आणि या रेघेपाशी अडकलो. तेव्हापासून मी गाड्यांपेक्षा त्यांची गुणपत्रकं जास्त वाचतो. गुणपत्रक हीसुद्धा एक संहिता असते. काय सुंदर, काय खरं, काय विसरून जायचं, हे ती ठरवते. म्हणून ही समीक्षा गाड्यांची नाही, गुणपत्रकांची आहे.

एकच दिवस

1935 साली स्थापन झालेल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेची पद्धत बघा. प्रत्येक गाडीला आधी 400 गुण, मग चुका सापडतील तसे गुण कापायचे. कसोटी काय? डीलरने पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती गाडी देताना ती ज्या अवस्थेत देऊ शकला असता, ती अवस्था. म्हणजे शोरूममधला तो एक दिवस.

कॉर्व्हेटवाल्यांची नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी 1974ची. इथे एकूण गुण सुमारे 4500, आणि वरचा ‘टॉप फ्लाइट’ सन्मान हवा तर 94 टक्के लागतात. यांची कसोटी आणखी मजेशीर आहे. गाडी कारखान्यातून जशी सर्वसाधारणपणे निघायची, तशीच ती हवी. कारखान्यात रंगाचा फवारा इकडेतिकडे उडालेला असायचा, पत्र्यांचे जोड वाकडे असायचे. मग तुमच्या गाडीतही ते तसंच हवं. रंग जास्त चकचकीत लागला तर गुण कापले जातात. जास्त चांगलं काम हीसुद्धा इथे चूक ठरू शकते.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचवर 1950पासून भरणारी स्पर्धा सगळ्यांत प्रतिष्ठेची. तिथे तांत्रिक अचूकतेबरोबर डौल बघितला जातो. हिरवळीवर उभ्या गाड्यांचं क्रोम असं लखलखतं, की तसं ते गाडी नवी असतानाही लखलखलं नसेल.

तीन पद्धती, तीन स्वभाव. पण तिघींचं एका गोष्टीवर एकमत आहे: गाडीच्या आयुष्यातला महत्त्वाचा दिवस म्हणजे तिचा पहिला दिवस. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं, म्हणजे पडलेले पोचे, बदललेला गिअरबॉक्स, मुलांनी खरवडलेला डॅशबोर्ड, गावातल्या मिस्त्रीने मारलेलं वेल्डिंग, हे सगळं वजाबाकीच्या रकान्यात.

हे असंच नव्हतं

पेबल बीचच्या सुरुवातीच्या वर्षांत मुख्य बक्षीस बहुतेक नव्या गाड्यांना मिळायचं. 1955 साली ते 1931च्या एका पिअर्स-ॲरोला मिळालं. गाडी फिल हिलच्या कुटुंबातलीच होती आणि त्याने ती स्वतः खपून नवी केली होती. हाच फिल हिल पुढे 1961 साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. त्या बक्षिसानंतर स्पर्धेचा तोंडवळाच बदलला. जुनी गाडी घ्या, नव्यासारखी करा, हिरवळीवर आणा.

मला फिल हिलचं काम मनापासून आवडतं. घरची गाडी, स्वतःचे हात, आणि त्या काळात अशा गाड्यांना भंगारापलीकडे फारशी किंमत नव्हती. ‘नव्यासारखं करणं’ हे तेव्हा प्रेमाचं काम होतं. पण बक्षीस एकदा ठरलं की त्याची कृती तयार होते, आणि कृती तयार झाली की तिचा बाजार.

आज त्या बाजारात एक शब्द सगळ्यांवर राज्य करतो: ‘मॅचिंग नंबर्स’. इंजिनवर ठोकलेला क्रमांक आणि गाडीचा क्रमांक जुळला पाहिजे. जुळला तर एक भाव, नाही जुळला तर दुसरा, आणि दोन्हींत फार मोठं अंतर. एवढा पैसा एका ओळीच्या आकड्यांवर टांगलेला असेल तर पुढे काय होणार हे सांगायला नको. दुसऱ्याच इंजिनवरचा क्रमांक घासून हवा तो ठोकणारे तयार झाले. मग क्रमांकाच्या मागच्या धातूवर कारखान्यातल्या यंत्राचे ओरखडे मूळचे आहेत का, हे तपासणारे तयार झाले. मग ते ओरखडेही बनवणारे तयार झाले.

गुणपत्रक अस्सलपणा मोजायला बसलं, आणि अस्सलपणा हाच बनवण्याचा माल झाला.

खरी गाडी कोणती?

हा प्रश्न एकदा लंडनच्या हायकोर्टात गेला होता. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाची बेंटली स्पीड सिक्स 1929 आणि 1930, अशी लागोपाठ दोन वर्षं ले माँची शर्यत जिंकली. त्यानंतर तिच्यावर बरंच काही गुदरलं. चासी बदलली, मोठं इंजिन आलं, अपघात झाला, वरचं शरीर बदललं. पुढे साठ वर्षांनी ती 1 कोटी पौंडांना विकण्याचा व्यवहार ठरला आणि खरेदीदार मागे फिरला. त्याचं म्हणणं, ही ती गाडीच नाही.

1990 साली न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. थोडक्यात अर्थ असा: शर्यत जिंकलेल्या दिवशीची गाडी आता अस्तित्वात नाही हे खरं, पण ही कुणी नंतर जुळवलेली नक्कलही नाही. एकेक भाग बदलत गेला, पण गाडीच्या इतिहासात खंड पडलेला नाही. म्हणून हे नाव लावायचा हक्क तिचाच.

मला हा निकाल सगळ्या गुणपत्रकांपेक्षा शहाणा वाटतो. कोर्टाने गाडीला एका दिवसात कोंबलं नाही. तिचं आयुष्य हाच तिचा पुरावा मानला.

पुण्यातली एक पद्धत

इथे मला पुण्याची आठवण होते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. झिजलेल्या, भर पडलेल्या, हाताहातांतून आलेल्या वस्तूच्या जुन्या रूपापर्यंत कसं जायचं, यावर मराठी मुलखात फार मोठं काम झालेलं आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. ती 1966 साली पूर्ण झाली. वि. स. सुखठणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी शेकडो हस्तलिखितं ओळीओळीने ताडून पाहिली आणि उपलब्ध पुराव्यावरून जितक्या जुन्या पाठापर्यंत जाता येईल तितकं गेले.

या कामात बरंच काही मुख्य पाठातून बाहेर पडलं. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत असलेली गोष्टसुद्धा. पण बाहेर पडलं म्हणजे कुठे गेलं? परिशिष्टात. प्रत्येक पानाखाली पाठभेद छापलेले आहेत. संपादकांनी जे जे नाकारलं ते ते वाचकाच्या हाती ठेवलं. उद्या कुणाला वाटलं की निर्णय चुकला, तर तपासायला सगळं तिथेच आहे.

स्पर्धेसाठी नवी केलेली गाडी हीसुद्धा एक आवृत्तीच असते. फक्त तिला तळटीपा नसतात. काढलेला रंग धुळीत जातो, जुनी गादी कचऱ्यात, आणि शेवटी एकच गुळगुळीत पाठ उरतो. वर दावा असा की हाच मूळ पाठ. संपादनाच्या भाषेत याला पाठ सिद्ध करणं म्हणत नाहीत, पुरावा नष्ट करणं म्हणतात.

धुळीलाही भाव

हे गाड्यांच्या जगाला कळलं नाही असं नाही. 1925ची एक बुगाटी कित्येक दशकं इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळाशी पडून होती. 2009 साली ती वर काढली. 2010 साली लिलावात तिला सुमारे 2,60,000 युरो मिळाले आणि घेणाऱ्याने ती तशीच, गंजाने खाल्लेली, संग्रहालयात मांडली. जागतिक संघटना ‘फिव्हा’ने वास्तुवारशाच्या 1964च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर 2012 साली तुरीन सनद आणली. नवं करण्याआधी जपा, केलेल्या कामाची नोंद ठेवा, बदललेल्या भागांवर डोळ्यांत न भरणारी पण कायमची खूण करा, असं ती सांगते. आणि 2024 साली पेबल बीचला मुख्य बक्षीस पहिल्यांदाच एका जपलेल्या, नवी न केलेल्या गाडीला मिळालं: 1934ची बुगाटी टाइप 59, बेल्जियमच्या राजाकडे असताना दिलेल्या काळ्या रंगासकट.

टाळ्या वाजवाव्यात अशीच गोष्ट. पण बाजार इथेही आधीच पोचलेला होता. 2015 साली पॅरिसमध्ये बायों कुटुंबाच्या शेडमधल्या विसरलेल्या गाड्यांचा लिलाव झाला. त्यातली एक फेरारी जुन्या मासिकांच्या ढिगाखाली होती. लिलावाआधी या गाड्या धुळीसकट मांडल्या, आणि त्या फेरारीला 1 कोटी 60 लाखांहून जास्त युरो मिळाले. धूळ ही आता अस्सलपणाची पावती होती. साहजिकच, सँडपेपर आणि मिठाचं पाणी वापरून नव्या रंगाला म्हातारपण आणणारे कारागीरही आहेत. ‘झीज’ या शब्दापुढे रकाना आला की झीजही घडवली जाणार.

म्हणून मी ‘नवी करू नका, तशीच ठेवा’ अशी घोषणा देणार नाही. गंजाला काही नैतिक उंची नसते. तळ सडलेली गाडी तशीच ठेवली तर दहा वर्षांनी जपायला काही उरणार नाही. शिवाय हाताने पत्रा ठोकून वळण देणारे, लाकडी सांगाडे करणारे, जुन्या पद्धतीने गाद्या शिवणारे लोक या स्पर्धांच्या पैशांवर टिकलेत. ही विद्या गेली तर फेरारीही गेली आणि फियाटही.

ज्यांना परीक्षक नाही

फियाटवर आलोच आहे. माझ्या मामाकडे कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली 1968ची फियाट 1100 आहे. गिअर स्टिअरिंगलाच. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला आजोबांनी खिळ्याने कोरलेले पेट्रोलचे आकडे आहेत. मध्यंतरी एका गॅरेजवाल्याने सुचवलं, “काका, सगळं उतरवू, डेंटिंग-पेंटिंग, नवं क्रोम. रॅलीत उभी करा, गिऱ्हाईक चालत येईल.” मामाने आकड्यांकडे बोट दाखवून विचारलं, “आणि हे रे?” तो म्हणाला, “ते कळणारसुद्धा नाही.”

कळणार नाही, हीच तर भीती. आपल्याकडे 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी दिली. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. चांगली अट आहे. पण मूळ स्वरूप म्हणजे कोणत्या दिवसाचं, हा प्रश्न तिथेही मोकळाच आहे. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003मध्ये नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ती 2023 साली रस्त्यावरून गेली. उद्या कुणी अशी टॅक्सी जपायची ठरवली तर तिचा ‘पहिला दिवस’ जपणार? कोरी गाडी, मीटर नसलेली? की टपावरचं कॅरिअर, छताला चिकटवलेलं फुलाफुलांचं रेक्झिन आणि ड्रायव्हरच्या कोपराने झिजलेली खिडकी?

मला विचाराल तर गुणपत्रकात एक रकाना वाढवावा. मालकाने परीक्षकाला सांगायचं: मी काय काढलं, का काढलं, आणि ते आता कुठे ठेवलंय. जुन्या रंगाचा हातभर तुकडा कुठेतरी न घासता राखला का? काढलेले भाग डिकीत एका पेटीत आहेत का? नव्या भागावर वर्ष कोरलंय का? या प्रश्नांना गुण द्या, आणि गोष्टी जपल्या जातील; कारण बाजार गुणांच्या मागे जातो हे एव्हाना सिद्धच झालंय. यातही फसवणूक होईल. पण निदान फसवायला तरी गाडीचं सगळं आयुष्य अभ्यासावं लागेल, एकच दिवस नाही.

आणि सेंट लुईसच्या त्या माणसाची रेघ? ती मूळची असेल तर तिच्यावर हात ठेवू नका. गेली असेल तर जागा रिकामी सोडा, आणि फाइलमध्ये एक ओळ लिहा: इथे खडूची खूण होती, आम्ही चासी घासली तेव्हा गेली.