न आलेल्या सुनेचे स्वागत : ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चा शेवट

व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटातील देशभक्तीवर भरपूर लिहिले गेले, दिग्दर्शनावर त्यामानाने कमी. माझ्या मते हा चित्रपट तरतो तो त्यातल्या प्रेमकथेवर, आणि तीही शेवटच्या प्रसंगाच्या मांडणीवर.

जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चौघे परतले. कोटणीसांनी तिथे परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ छिंगलानशी १९४१ मध्ये लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक त्या न परतलेल्या एकावर आहे. चित्रपट त्यावरूनच निघाला. चोळकरांवर कोण चित्रपट काढणार!

युद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारचे नियंत्रण होते आणि युद्धप्रयत्नांना पूरक चित्रपट काढा असा आग्रहही. शांतारामांनी शत्रू सरकारला चालेल असा घेतला, नायक मात्र काँग्रेसने धाडलेला. ही हुशारी मानली पाहिजे. पण युद्धाची दृश्ये आज फिकी पडतात, भाषणे लांबतात, जयश्रीबाईंचे चिनीपण रंगभूषेपलीकडे फारसे जात नाही.

शेवटी मात्र दिग्दर्शक जागा होतो. मरणाच्या दारातला डॉक्टर पत्नीला सांगतो की तू माझ्या घरी जाशील तेव्हा तुला काय काय दिसेल. तो सांगत असतानाच पडद्यावर ती मुलाला घेऊन त्या घरी पोचलेली दिसते. ही आठवण नव्हे; सांगणाऱ्याच्या दृष्टीने हे सगळे अजून घडायचे आहे. आपण ते घडताना पाहतो, तेव्हा आवाजाचा धनी या जगात नाही. मृत्यू दाखवण्यासाठी वेगळी खटपट करावीच लागत नाही. बोलणे त्याचे, पाहणे तिचे, एवढ्यावर विरह उभा राहतो. आमच्या घुग्घुसला खाणींमुळे लांबलांबच्या मुलखांतून लोक आले. सासर आधी ऐकून मग पाहणाऱ्या बायका इथे घरोघर आहेत. त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

आता खरेखोटे. चित्रपट निघाला तोवर गुओ सोलापूरला आलेलीच नव्हती. कोटणीस गेले ते अपस्माराच्या झटक्यांनी. चित्रपटाने त्यात प्लेगची साथ आणि जपान्यांची कैद घातली. या दोन्ही कल्पितांना एकाच मापाने मोजू नये. प्लेगने नायकाला उगाच उंच केले. त्याचे रोजचे शस्त्रक्रियेचे काम पुरेसे मोठे होते. घरी येण्याच्या कल्पनेने निदान विधवेला उंबरठ्याच्या आत घेतले. तरी एक खटकते : जी प्रत्यक्षात शिकवणारी होती, ती इथे शेवटपर्यंत ऐकणारीच राहते.