हरिभाऊ आपटे आणि शिष्टाचाराची भाषा

'शिष्ट' हा शब्द मराठीत निदान दोन अर्थांनी वावरतो. शिष्ट म्हणजे रीतभात जाणणारा, सभ्य. आणि शिष्ट म्हणजे ज्याचे बोलणे प्रमाण मानावे असा. पतंजलीने महाभाष्यात शिष्टांची ओळख करून दिली, तेव्हा त्याने विशिष्ट प्रदेशातील निवास, निर्लोभ आचार आणि निर्दोष भाषा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी पाहिल्या. आचाराचा अधिकारी तोच भाषेचा अधिकारी, ही कल्पना म्हणजे व्याकरणाइतकाच समाजव्यवस्थेचाही सिद्धान्त होय. मराठी कादंबरीच्या इतिहासात या सिद्धान्ताची खरी कसोटी हरि नारायण आपटे यांच्या लेखनात लागली. तिचा निकाल मात्र अद्याप पुरतेपणी वाचला गेला आहे, असे म्हणता येत नाही.

पाश्चात्त्य वाङ्मयात शिष्टाचाराची कादंबरी हा एक सर्वमान्य प्रकार आहे. व्यक्तीची इच्छा आणि तिच्या वर्गाची अलिखित रीत यांचा संघर्ष हा तिचा विषय. या प्रकारातील अमेरिकेची प्रमुख लेखिका ईडिथ व्हॉर्टन ही न्यूयॉर्कमधील जुन्या धनिक कुळात 1862 साली जन्मली. 1885 साली झालेला तिचा विवाह 1913 साली घटस्फोटाने संपला. उत्तरायुष्य तिने फ्रान्समध्ये घालविले व तेथेच 1937 साली तिचे निधन झाले. 'द एज ऑफ इनोसन्स' या 1920 सालच्या कादंबरीबद्दल तिला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरीसाठी तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. या कादंबरीच्या अखेरीस एलेन ओलेन्स्का या नायिकेला समाजाबाहेर घालविले जाते, ते एका अत्यंत अगत्याच्या निरोपाच्या भोजनप्रसंगी. कोणी आवाज चढवीत नाही, कोणी आरोप करीत नाही. सौजन्य हेच शस्त्र ठरते.

व्हॉर्टनहून केवळ दोन वर्षांनी लहान असलेल्या हरिभाऊंचा जन्म 1864 साली खानदेशातील पारोळे येथे झाला. त्यांची वाङ्मयीन घडण मात्र पुण्याची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निधनानंतर त्यांनी लिहिलेली 'शिष्यजनविलाप' ही कविता त्या घडणीची साक्ष देते. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांनी पाहिली, पुणे नगरपालिकेच्या कारभारात भाग घेतला आणि 1890 साली सुरू केलेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून आपल्या बहुतेक कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध केल्या. 1912 साली अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. 1919 साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

व्हॉर्टनने 1920 साली मागे वळून 1870 नंतरच्या दशकाचे चित्र रेखाटले. तिचा समाज तोवर अस्तंगत झाला होता. हरिभाऊंनी 'पण लक्षात कोण घेतो' लिहावयास घेतली, तेव्हा त्यांचा समाज भोवतीच नांदत होता. संमतिवयाच्या कायद्याचा वाद ऐन भरात होता आणि तो कायदा 1891 साली संमत झाला. व्हॉर्टनची निवेदिका तटस्थ राहून शिष्टाचाराचे निरीक्षण करते. हरिभाऊंनी निवेदन यमूच्या, म्हणजे त्या शिष्टाचाराखाली दबलेल्या स्त्रीच्याच, तोंडी घातले. येथे तंत्राची निवड ही भाषेची निवड ठरली, कारण यमूजवळ स्वतःची कथा सांगण्यास घरात शिकविलेल्या भाषेवाचून दुसरे साधन नव्हते.

ही भाषा नीट न्याहाळली पाहिजे. त्या काळच्या पुण्यातील ब्राह्मण घरात पती पत्नीला 'तू' म्हणे. पत्नी पतीचे नाव घेत नसे. पुष्कळदा सर्वनामही टाळी. 'ते आले' असे न म्हणता 'इकडून येणं झालं' असे म्हणावयाचे. या रचनेचे व्याकरण लक्षणीय आहे. कर्ता नाहीसा झाला असून त्याच्या जागी एक दिशा आली आहे. क्रियापदही कर्त्याशी जुळत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. आदराची ही परिसीमा असली, तरी तिचा परिणाम असा, की पती हा जिच्याशी संवाद करावा अशी व्यक्ती न राहता, जिकडे तोंड करून उभे राहावे असे स्थान बनतो. पत्नी स्वतःचे स्थानही त्या दिशेवरूनच ठरविते.

रघुनाथरावांनी यमूला वाचावयास शिकविणे, मुंबईच्या वेगळ्या बिऱ्हाडात त्या दोघांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलणे, या प्रसंगांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. सुधारणेचा खरा आरंभ सभेत होत नाही. दोन माणसांच्या बोलण्यात होतो, हे हरिभाऊंनी ओळखले होते. म्हणूनच रघुनाथरावांच्या मृत्यूनंतरचा आघात दुहेरी आहे. ज्या दिशेवर सारी वाक्यरचना उभी होती, ती दिशाच नाहीशी झाली. पुढे शंकरमामंजींच्या पुढाकाराने यमूचे बळाने केशवपन होते, तेव्हा घराण्याची अब्रू आणि धर्म यांचीच भाषा वापरली जाते. न्यूयॉर्कचे सौजन्य एलेनच्या देहाला स्पर्श करीत नाही. पुण्याच्या शिष्टाचाराच्या हाती वस्तरा असतो. हा फरक केवळ दोन लेखकांच्या प्रकृतीतला नव्हे. वर्गाची रीत बहिष्काराने भागते. जातीच्या रीतीला देहावर खूण हवी असते.

येथवर हरिभाऊंच्या यशाचा विचार झाला. त्यांच्या वारशाचा विचार करू लागताच प्रश्न बिकट होतो. यमूची भाषा इतकी जिवंत ठरली, की पुढील कित्येक पिढ्यांच्या कादंबरीने तीच वास्तवाची भाषा मानली. ज्या भाषेचा जाच हरिभाऊंनी उघडा केला, तिलाच त्यांच्या यशाने प्रतिष्ठा दिली.

हा विरोध पुण्यात बसून सहसा जाणवत नाही. मलकापुरात तो चटकन जाणवतो. भुसावळहून अकोल्याकडे जाणाऱ्या ज्या लोहमार्गावर हे गाव वसले आहे, तेथे खानदेश संपून वऱ्हाड सुरू होते. येथील विद्यार्थी घरी 'मला, तुला' न म्हणता 'मले, तुले' म्हणतो. अनेक घरांत 'ळ'च्या जागी 'य' उच्चारला जातो व 'डोळा'चा 'डोया' होतो. पतीचे नाव न घेण्याचा संकेत येथेही पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. परंतु त्याचे व्याकरण निराळे. शेतकऱ्याची बायको पतीचा उल्लेख मुलाच्या नावावरून, अमक्याचा बाप म्हणून करी. तेथे पती दिशा होत नाही, तो एका नात्यात राहतो. मलकापूरच्या विद्यार्थ्याला शिष्टाचार अपरिचित नाही. अपरिचित आहे ती पुण्याच्या एका थरातील त्याची रचना. तरीही यमूचे बोलणे त्याच्यापुढे 'मराठी' म्हणून येते आणि त्याच्या आईचे बोलणे 'बोली' म्हणून.

समीक्षेने ही विभागणी मुकाट्याने स्वीकारली. उद्धव शेळके यांची 'धग' 1960 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील कौतिकचे बोलणे वऱ्हाडी, म्हणून कादंबरी प्रादेशिक ठरली. गो. नी. दांडेकरांच्या 'पूर्णामायची लेकरं' हिचीही गणना त्याच कोष्टकात झाली. 'पण लक्षात कोण घेतो' हिला मात्र कोणी प्रादेशिक म्हटले नाही. वस्तुतः यमूचे बोलणे एका नगराचे, एका जातीचे आणि त्यातही स्त्रियांचे बोलणे आहे. भाषाशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर ती बोलीच होय. कौतिकला प्रदेश आहे आणि यमूला नाही, हा भेद भाषाशास्त्राने केलेला नाही; तो शिष्टाचाराने केलेला आहे.

यावर असा आक्षेप संभवतो, की यमूला बोलीची नायिका म्हटल्याने कादंबरीची व्याप्ती संकुचित होईल. हा आक्षेप टिकणारा नाही. व्हॉर्टनचे न्यूयॉर्क हे मोजक्या कुटुंबांचे जग होते आणि ते तसे आहे हे तिने कधी लपविले नाही; तिच्या कलेचे बळ त्या मर्यादेतच आहे. हरिभाऊंचेही बळ तेथेच आहे. त्यांनी एका घराची भाषा इतक्या बारकाईने ऐकली, की तिच्यातील आदरार्थी रचनांमध्ये दडलेला अन्याय ऐकू यावा. ती भाषा सर्वांची मानली, तर तो अन्याय सामान्य दुःखात विरून जातो. ती एका घराची मानली, तरच तो नेमका कोणी, कोणत्या शब्दांनी केला, हे सांगता येते.

हरिभाऊंचा खरा वारसा प्रमाणभाषेच्या सुंदर नमुन्यात नाही. घरच्या बोलण्याकडे पुरावा म्हणून पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीत आहे. ती दृष्टी ज्यांनी पुढे चालविली, त्यांत 'धग'च्या लेखकाला मानाचे स्थान दिले पाहिजे. यमू आणि कौतिक एकाच फळीवर, बोलीच्या म्हणून, शेजारी ठेवल्या जातील, तेव्हाच हरिभाऊंनी शिष्टाचारावर चालविलेला खटला पुरा झाला असे म्हणता येईल.