धुतलेलं मीठ आणि कुणाच्याही हातचं पाणी

मनाला शांत वाटेल असं काही सुचव, असं कुणी म्हटलं की मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं नाव घेते. आठवडाभरात तक्रार येते: यात शांती कुठंय? भांडणं आहेत, प्लेग आहे, घरात पैसा टिकत नाही, नवरा न सांगता निघून जातो. तक्रार खरी आहे. पण ख्रिस्ती श्रद्धेतून मिळालेल्या समाधानाबद्दल मी मराठीत जे काही वाचलंय, त्यात हे पुस्तक मला सर्वात प्रामाणिक वाटतं, आणि त्याचं कारण हीच तक्रार आहे.

नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थानं नवा करार दिला. तो वाचता वाचता ते बदलत गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या बाजूनं ही शोध संपल्याची गोष्ट आहे. लक्ष्मीबाई ती मागे राहिलेल्या बायकोच्या बाजूनं सांगतात. टिळकांना जे गवसलं, त्यापायी यांचं असलं-नसलं स्वास्थ्य गेलं. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे दिवस काढायचे, लोकांचे टोमणे ऐकायचे. हे सगळं त्या कडवटपणा न ठेवता लिहितात, पण झाकतही नाहीत. साक्ष देणाऱ्या लेखनात सहसा ‘आधी अंधार, मग उजेड’ एवढंच असतं. एकाच्या उजेडानं दुसऱ्याच्या घरात अंधार झाला, हे तिथं क्वचितच वाचायला मिळतं.

माझ्या मते या पुस्तकाची खरी किल्ली मात्र अगदी सुरुवातीला आहे. लक्ष्मीबाईंचे वडील, नाना गोखले, सोवळ्यानं पछाडलेले. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! आपण हसतो, लक्ष्मीबाईही हसवतात. पण त्या घरातलं प्रत्येक माणूस सतत भेदरलेलं आहे. अशा घरातली मुलगी पुढे अहमदनगरला ख्रिस्ती नवऱ्याजवळ राहायला येते, तेव्हा तिची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळक तिच्यावर जबरदस्ती करत नाहीत. मग एकदा ती स्वतःशीच विचार करू लागते: जात केली कुणी? माणसांनीच ना? आणि ठरवते, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. 1900 मधला तिचा बाप्तिस्मा यानंतरचा. मला तर वाटतं, तिची मनःशांती बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी या पिण्याच्या पाण्यात आहे. आतली भीती सुटली, की शेजारी बसलेल्या माणसाचा विटाळ वाटत नाही. नवऱ्याला सापडलेली शांती तिला आयती घेता आली नाही, स्वतःच्या वाटेनं तिथवर यावं लागलं.

एक खटकतंही. बाप्तिस्म्याच्या वेळी मनात काय चाललं होतं, याबद्दल त्या फार कमी बोलतात. तिथं थोडं थांबायला हवं होतं, असं वाटत राहतं. उलट टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केलं. तिथं श्रद्धा उघडपणे बोलते, पण मला ते काव्य आदरानं वाचावं लागतं, ओढीनं नाही.

आणि टिळक? श्रद्धा मिळाली म्हणून त्यांचा तापट स्वभाव गेला नाही. मागेल त्याला खिशातलं देऊन टाकायचं आणि घर बायकोनं सांभाळायचं, हेही चालूच. बाईंनी त्यांना संत केलेलं नाही, हे किती बरं झालं!

पण त्याच ओढगस्तीच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला जागा होती. बालकवी ठोंबरे तिथं घरच्या मुलासारखे राहून गेले, ख्रिस्ती न होता. चार भागांचं पुस्तक पाहून दडपण येत असेल, तर त्यांच्यावरची पानं आधी वाचा. मग मिठाकडे या.